पायी चालणाऱ्याचे युनिट किती?

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्ते चेन्नईत रेल्वेच्या सिव्हिल शाखेत सीनियर सेक्शन इंजिनीयर असून मंडळाचे सभासद आहेत.)



दरवर्षी या व्यासपीठावर कुणी डॉक्टर येतात, कुणी प्राध्यापक येतात. यंदा कार्यवाहांनी मला उभं केलं. मी म्हटलं, "अहो, मी साधा डिप्लोमावाला माणूस. रूळ, खडी आणि स्लीपर यापलीकडे मला काय येतं?" ते म्हणाले, "खडीवर बोला, पण पाऊण तासात आटपा. साडेसातला आरती आहे." तेव्हा आरतीच्या आत संपवण्याचं वचन देऊन सुरुवात करतो. गाडी वेळेवर पोचवणं हा आमचा धर्मच आहे.

आजचा विषय आहे शहरातला रस्ता. तो कुणासाठी असतो? गाड्यांसाठी की माणसांसाठी? हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. दोन प्रसंगांतून पडला. त्यातला पहिला माझ्या नोकरीतला आहे आणि त्यात चूक माझी आहे, म्हणून तोच आधी सांगतो.

मी २००१ साली रेल्वेत लागलो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे गेट गणनेचं काम असे. लेव्हल क्रॉसिंग गेटवर सात दिवस, रात्रंदिवस, काय काय जातं ते मोजायचं. रोज सरासरी किती गाड्या गेल्या आणि किती वाहनं गेली, यांचा गुणाकार करून जो आकडा येतो त्याला ट्रेन व्हेईकल युनिट म्हणतात. तो एक लाखाच्या वर गेला की गेटच्या जागी उड्डाणपूल बांधण्याचा विचार सुरू होतो. आता गंमत ऐका. या हिशेबात मोटार म्हणजे एक युनिट. बैलगाडी एक युनिट. टांगा एक युनिट. ऑटोरिक्षा आणि सायकलरिक्षा अर्धं युनिट. आणि पायी चालणारा माणूस?

शून्य.

एका गेटवर मी असाच खुर्ची टाकून रजिस्टर भरत होतो. ठिकाणाचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. गेटमन वयस्क होता. बराच वेळ माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "सार, गवताचे भारे घेऊन ज्या बाया चालल्यात, शाळेची पोरं चाललीत, त्यांना कुठल्या रकान्यात लिहिता?" मी म्हटलं, "त्यांना रकाना नाही." त्याने मान डोलावली आणि गेट उघडायला गेला. त्या फॉर्मला शेवटी शेऱ्यासाठी जागा होती. तिथे मी एक ओळ लिहू शकलो असतो, की इथून पायी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, जिना किंवा भुयारी मार्ग हवा. मी लिहिली नाही. कुणी विचारलं नव्हतं.

पुढे पूल झाला. चांगला रुंद झाला. गाड्या थांबेनाशा झाल्या, सगळे खूश. गेट बंद करून दोन्ही बाजूंना भिंत घातली. गाव भिंतीच्या एका बाजूला. शाळा, बाजार, दवाखाना दुसऱ्या बाजूला. पुलावरून पायी जायचं तर चढउतार धरून दीड किलोमीटरचा वळसा, आणि पुलाला पदपथ नाही. महिन्याभरात भिंतीला एक भगदाड पडलं आणि लोक रूळ ओलांडून जाऊ लागले. एका पावसाळी सकाळी दुधाची किटली घेतलेला एक म्हातारा त्या भगदाडातून आला. पावसात त्याला गाडी ऐकू आली नाही. पंचनाम्याच्या वेळी मी हजर होतो. कागदावर कारण लिहिलं होतं, "रेल्वे हद्दीत अनधिकृत प्रवेश". नियमाने ते बरोबरच होतं. पण ज्या वाटेने तो माणूस आयुष्यभर गेला ती वाट अनधिकृत करणाऱ्या कागदावर माझी सही होती. तीन वर्षांनी तिथे भुयारी मार्ग झाला. मी त्या नकाशावर काम केलं, पण उशीर तो उशीरच.

दुसरा प्रसंग घरातला आहे. वडील गेल्यावर आई भुसावळहून आमच्याकडे राहायला आली. आमचं मूळ घर भुसावळचंच, दोन पिढ्या रेल्वेतल्या. तिथे आईचं सगळं आयुष्य पायी गेलं. बाजार, देऊळ, भिशी, कुणाकडे हळदीकुंकू. कधी कुणाच्या स्कूटरवर बसली नाही. इथे आल्यावर तिने पहिल्या आठवड्यात पिल्लैयारचं देऊळ शोधून काढलं. आपला गणपतीच तो, इथे पिल्लैयार म्हणतात. क्वार्टरच्या समोरचा रस्ता ओलांडला की लगेच आहे. रोज सकाळी ती जायची, येताना फुलवालीकडून गजरा आणायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण अर्धा तास गप्पा व्हायच्या.

काही महिन्यांनी तिने जाणं सोडलं. आम्हाला वाटलं, गुडघे. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. एक दिवस आमच्या सौ.नी पाहिलं की आई गच्चीवर फेऱ्या मारते आहे आणि तिथूनच देवळाकडे तोंड करून हात जोडते आहे. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "अरे, गुडघ्यांना काही झालं नाही. मी जाते रस्त्यापर्यंत. उभी राहते. वीस वीस मिनिटं उभी राहते आणि परत येते. रस्ता फार मोठा केला रे तुम्ही."

"तुम्ही" म्हणजे इंजिनीयर लोकांनी. हा आहेर मला पोचला.

त्या रविवारी मी टेप घेऊन गेलो. रस्ता १४ मीटर रुंद, मध्ये काही नाही. मग गच्चीवर तेवढंच अंतर आखून आईला चालायला लावलं आणि घड्याळ धरलं. तिला १९ सेकंद लागले. नाक्यावरच्या सिग्नलला पायी जाणाऱ्यांचा हिरवा दिवा किती वेळ लागतो ते पाहिलं: १२ सेकंद. म्हणजे आईने नियम अगदी काटेकोर पाळला तरी सात सेकंद ती गाड्यांच्या तोंडी. अर्धा किलोमीटर पुढे पादचारी पूल आहे, असं कुणी म्हणेल. खालून बस आणि ट्रक जायचे म्हणजे पूल सहा मीटर उंच धरा. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी, म्हणजे चाळीस पायऱ्या चढायच्या आणि चाळीस उतरायच्या. गाडीवाल्याला ब्रेकवर पाय ठेवावा लागू नये म्हणून सत्तर वर्षांच्या बाईने ऐंशी पायऱ्या करायच्या. हा कुठला हिशेब?

मंडळी, हे एकट्या माझ्या आईचं गाऱ्हाणं नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. रोजचे नव्वद. रेल्वेत एक मोठा अपघात झाला तर महिनाभर चौकशा चालतात, आणि चालायलाच हव्यात. हे नव्वद रोज जातात आणि पेपरात दोन ओळी येतात.

आता थोडं तांत्रिक बोलतो. भिऊ नका, फळा आणलेला नाही.

पहिली गोष्ट वेगाची. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी अंगावर येणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, साधारण पहिल्या मजल्यावरून पडल्यासारखं आहे. ताशी ६० म्हणजे १४ मीटर, चौथ्या मजल्यावरून. वेग दुप्पट केला की मार चौपट होतो; हे शाळेतलंच गणित आहे. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस बहुधा वाचतो. चौथ्यावरून पडलेल्याचं सांगायला नको.

मग वेग कमी कसा करायचा? पाट्या लावून होत नाही. रेल्वेत आम्ही ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर देतो आणि तो पाळतो, कारण त्याची नोंद होते. रस्त्यावर तसं नाही. तिथे वेग ठरवतो तो रस्त्याचा आकार. रुळांच्या वळणाची त्रिज्या लहान असेल तर गाडी हळूच न्यावी लागते. तसंच रस्त्याच्या कोपऱ्याचं आहे. कोपरा मोठ्या गोलाईचा केला की मोटार न थांबता वळते, आणि तिथेच माणूस ओलांडत असतो. कोपरा आखूड केला की ती आपोआप हळू होते. ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीला उचलून घेतली, तर माणूस सपाटीवर चालतो आणि चढउतार गाडीला करावा लागतो. लेन थोडी अरुंद केली की पाय आपोआप अॅक्सिलरेटरवरून निघतो.

दुसरी गोष्ट क्षमतेची. लोक म्हणतात, रस्ता अरुंद केला तर वाहतूक तुंबेल. रेल्वेत पहिल्या वर्षी शिकवतात की सेक्शनमधून किती गाड्या जातील हे सर्वांत जास्त वेळ खाणारा ब्लॉक सेक्शन ठरवतो. बाकीचे कितीही मोकळे असोत, त्यांचा उपयोग नाही. शहरात तो ब्लॉक सेक्शन म्हणजे चौक. दोन चौकांमधला रस्ता चार लेनचा केला तरी चौकातून सुटतील तेवढ्याच गाड्या सुटणार. उरलेल्या रुंदीत काय होतं? पार्किंग होतं. आपल्या बाजारातल्या चार लेनच्या रस्त्यांत दोन लेन उभ्या गाड्यांच्याच असतात. कागदावर चार, चालू दोन.

समजा, घरांच्या कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत १८ मीटर जागा आहे. आज आपण १४ मीटर डांबर करतो आणि दोन्हीकडे दोन-दोन मीटर पदपथाला सोडतो. त्यात ट्रान्सफॉर्मर, खांब, केबलची पेटी आणि प्रत्येक बंगल्याचा उतार. चालायला उरतं काय? तीच जागा अशी वाटा: गाड्यांना सव्वातीन मीटरच्या दोन लेन, म्हणजे साडेसहा मीटर. दोन्ही कडांना सव्वादोन मीटरचा पट्टा. त्यात झाडं, बसथांबा, थोडं पार्किंग, फुलवाली, ट्रान्सफॉर्मर, सगळं. उरले सात मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन मीटर मोकळा पदपथ. एक इंच जमीन संपादन करावी लागली नाही. आणि ओलांडायच्या जागी कडेचा पट्टा पदपथाला जोडून घेतला, तर आईला १४ ऐवजी साडेसहा मीटरच डांबर ओलांडायचं. नऊ सेकंद.

हे नियमाला सोडून नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या सोयींसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका केलेली आहे. चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असं तीत लिहिलं आहे. आपले पदपथ कमरेएवढे उंच करतात, कारण त्यावर गाडी चढू नये. गाडी चढत नाही हे खरं, पण म्हातारं माणूसही चढत नाही. मग ते रस्त्यावरूनच चालतं.

"हे सगळं युरोपात ठीक आहे" असं नेहमी ऐकतो. नेदरलँड्सचं उदाहरण देतात, की तिथे लोक मुळातच सायकलवाले. तसं नाही. तिथेही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींसाठीच रस्ते होऊ लागले होते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात चारशेहून अधिक मुलं रस्त्यांवर गेली. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं, "मुलांची हत्या थांबवा". त्यानंतर तिथले नकाशे बदलले.

पण इतकं लांब कशाला जायचं? आपल्या चेन्नईचा पाँडी बाजार पाहा. पूर्वी दिवाळीच्या खरेदीला तिथे गेलो की मुलाचा हात सोडायची सोय नव्हती. महापालिकेने २०१४ साली पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी धोरण मंजूर केलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पाँडी बाजारचा रुंद पदपथांचा नवा रस्ता खुला झाला. गाड्या बंद केल्या नाहीत, त्यांची जागा कमी केली. आज तिथे बाकांवर आजीआजोबा बसलेले दिसतात. दुचाकी पदपथावर चढलेल्याही दिसतात, ते खोटं बोलणार नाही. पण एकदा लोकांनी ती सावली आणि तो बाक अनुभवला की पूर्वीचा रस्ता परत द्या, असं म्हणणारा भेटणं कठीण. पुण्यातही जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले गेले, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन होतो, त्या दिवशी तिथे गाड्यांना मज्जाव असतो. लक्ष्मी रोडवर गाडीशिवाय! पुण्याच्या मंडळींना त्याची किंमत जास्त कळेल.

शिवाय आता कायद्याचंही पाठबळ आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अडथळ्याविना पदपथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो अपंगांनाही वापरता आला पाहिजे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यांना हाकलून नव्हे, जागा आखून देऊन प्रश्न सुटतो. आईची फुलवाली तिथे बसते म्हणून ती वाट रात्रीही निर्धास्त वाटते, हे विसरू नका.

आणि ठरवलं तर होतं, हे मी माझ्या खात्यावरून सांगतो. मानवरहित फाटकांवर वर्षानुवर्षं माणसं मरत होती. "एवढी हजारो फाटकं कशी बंद होणार?" असं आम्हीच म्हणायचो. ब्रॉडगेजवरची अशी सगळी फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपली.

आमच्या नाक्याचं काय झालं ते सांगतो. मंडळातले दोन निवृत्त काका आणि मी, आम्ही तिघं सकाळी नाक्यावर बसलो आणि गणना केली. या वेळी पायी चालणाऱ्यांचा रकाना मी सर्वांत आधी आखला. पहिली शंभर माणसं मोजायला सात मिनिटं लागली. तो कागद, नकाशा आणि अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो. सहा खेपा झाल्या. शेवटी एक तरुण ज्युनियर इंजिनीयर भेटला, तोही डिप्लोमावाला. त्याने माझा नकाशा उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "सार, पूर्ण रस्ता माझ्या हातात नाही. मध्ये थांबायची जागा करून देतो." आधी ड्रम आणि दोरी लावून महिनाभर चाचणी केली. गाड्या अडल्या नाहीत. मार्चमध्ये रस्त्याच्या मधोमध दीड मीटर रुंदीचा पक्का थांबा झाला. आता आई सव्वासहा मीटर चालते, थांबते, श्वास घेते, आणि पुन्हा सव्वासहा मीटर. ती परत देवळात जाऊ लागली आहे. फुलवालीने पहिल्या दिवशी गजऱ्याचे पैसे घेतले नाहीत.

आता शेवटचं, आणि जरा नाजूक. रागावू नका, मी घरचाच माणूस आहे.

परवा स्थापनेच्या दिवशी आई म्हणाली, "मी चालतच येते." क्वार्टरपासून इथवर ती आली. वाटेतला मोठा रस्ता तिने ओलांडला. आपल्या सभागृहाच्या दारापाशी मात्र तिला पदपथ सोडून गाड्यांच्या रस्त्यावर उतरावं लागलं. कारण पदपथावर आपल्या कमानीचे खांब होते, पलीकडे चपलांचा ढीग होता आणि त्यापुढे सात मोटारी उभ्या होत्या. त्यातली तिसरी माझी होती.

तेव्हा महापालिकेला सांगण्याआधी आपल्यापासून सुरुवात करू. कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवतो. कमान कुंपणाच्या आत घ्या. दोन फूट लहान झाली तरी बाप्पा रागावणार नाहीत. चपलांचा स्टँड जिन्याखाली करा. आणि मोटारी रेल्वेच्या मैदानात लावायची परवानगी मी काढून आणतो, तिथून चार मिनिटांची चाल आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी दारासमोर दोन जागा राखू. स्वयंसेवक म्हणून आरतीच्या वेळी मी स्वतः शिट्टी घेऊन उभा राहीन.

आणि पुढच्या वर्षी वर्गणीचा, प्रसादाचा हिशेब मांडताना अजून एक आकडा मांडू या: किती माणसं पायी दर्शनाला आली. त्या रकान्यात शून्य लिहायचं नाही.

साडेसात वाजत आले. तबक तयार दिसतंय. 

गणपती बाप्पा मोरया!